जनरल को-ले-रा आणि मंत्रचळ



आज एका अगदी घरगुती प्रश्नाने सुरुवात करते. मागच्या वेळी भारतात जायला निघालात, बॅगा टॅक्सीत चढल्या, गाडी हीथ्रोच्या रस्त्याला लागली, आणि मागच्या सीटवरून कुणीतरी विचारलं, "गॅस बंद केलाय ना?" तुम्ही तो केला होता, स्वतःच्या हाताने. तरी पोटात गोळा आला की नाही? बहुतेकांचा तो गोळा पाच मिनिटांत विरघळतो आणि आपण पासपोर्ट चाचपायला लागतो. काहींचा विरघळत नाही. ते गाडी वळवायला लावतात, कुलूप काढतात, बघतात, पुन्हा कुलूप लावतात आणि पायरी उतरेपर्यंत शंका परत हजर. बटणाचा फोटो काढून ठेवला, तर फोटो आजचाच आहे ना, ही नवी शंका. ही माणसं विसराळू नसतात, वेडीही नसतात. आपण करतोय त्यात अर्थ नाही हे त्यांना आपल्याइतकंच कळत असतं, आणि खरा छळ तोच असतो.

डॉक्टर याला ओसीडी म्हणतात. मराठीत त्यासाठी 'मंत्रचळ' हा शब्द आहे. जप करताना मंत्रात चूक झाली की माणूस चळतो, अशी जुनी समजूत होती, त्यातून तो आलाय. मला हा शब्द आवडतो. कारण आजाराचं मर्म त्यात बरोबर पकडलंय: चूक झाली असेल ही भीती, आणि पहिल्यापासून पुन्हा सुरू करण्याची सक्ती. स्वयंपाकघरातले डबे एका रांगेत लावणाऱ्या वहिनी "मला ना, फार ओसीडी आहे" म्हणून हसतात, ते हे नव्हे. नको असलेला विचार मनात घुसतो, त्याने जीव घाबरा होतो, ती घबराट शमवायला माणूस काहीतरी करतो: हात धुतो, मोजतो, तपासतो, मनात देवाचं नाव ठरावीक वेळा घेतो. घटकाभर सुटका होते. त्या सुटकेमुळेच पुढच्या वेळी तेच करावंसं वाटतं.

आता आजचा विषय. एखाद्या घरात असं सुरू झालं की थोड्या दिवसांनी कुणीतरी म्हणतं, "तो अपघात झाला ना, तेव्हापासून." किंवा, "आई गेली तेव्हापासून." हे खरं असतं का? मनावर बसलेल्या घावातून मंत्रचळ सुरू होतो का? गेली सव्वाशे-दीडशे वर्षं डॉक्टर या प्रश्नाशी झगडताहेत. त्यांची उत्तरं लंबकासारखी इकडून तिकडे गेली आहेत आणि प्रत्येक वेळी त्याची किंमत रुग्णांनी मोजली आहे.

आपण पॅरिसला जाऊ. साल होतं 1890. साल्पेत्रिएर नावाच्या प्रचंड इस्पितळात ज्युस्तीन नावाची चाळिशीची बाई आली. तिला तपासत होते पिएर जाने. हे आधी तत्त्वज्ञानाचे शिक्षक आणि नंतर डॉक्टर झालेले, अतिशय चिकाटीचे गृहस्थ. ज्युस्तीनला कॉलराची भीती होती. साधी भीती नव्हे. झटका आला की ती हातपाय आखडून ओरडायची, कॉलरा मला धरतोय म्हणायची. अशा वेळी तिच्याशी कितीही बोला, ऐकू जायचं नाही. जाने यांनी एक युक्ती केली. तिला समजावण्याऐवजी ते तिच्या आत चाललेल्या नाटकात एक पात्र होऊन शिरले. ती कॉलऱ्याबद्दल ओरडली की तेही त्यातलंच काहीतरी बोलायचे. हळूहळू ती उत्तर देऊ लागली, आणि तिला काय दिसतंय ते सांगू लागली. तिला दोन प्रेतं दिसत होती. पुढचं एका म्हाताऱ्याचं, उघडं, हिरवट पडलेलं. घाण वास येत होता. घंटा वाजत होत्या.

हे कुठून आलं? ज्युस्तीनची आई मरणाऱ्या रुग्णांची शुश्रूषा करायची आणि मुलगी मदतीला असायची. सतरा वर्षांची असताना ज्युस्तीनने कॉलऱ्याने मेलेल्या दोघांची प्रेतं पाहिली होती. तेवीस वर्षं ती प्रेतं तशीच होती, वासासकट.

एक आडवाट घेते. कॉलरा हा आपल्याकडूनच तिकडे गेलेला पाहुणा. त्याची पहिली मोठी साथ 1817 साली बंगालमधून निघाली. आपल्या गावांना पटकी म्हणजे काय ते ज्युस्तीनच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं, आणि त्या भीतीला गावांनी चेहराही दिला होता, मरीआईचा. तिचं ठाणं गावाच्या कडेला. साथ आली की मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडायचा. त्याने जंतू मरत नव्हते, हे उघड आहे. पण ज्या भीतीला नाव, रूप आणि जाण्याचा रस्ता आहे, ती आणि एकट्या मुलीच्या डोक्यात कोंडलेली भीती, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जाने यांना मरीआई माहीत असण्याचं कारण नाही. पण त्यांनी पुढे जे केलं ते वाचताना मला त्या गाड्याची आठवण झाल्यावाचून राहिली नाही.

त्यांनी काय केलं? संमोहनात ज्युस्तीनला ते दृश्य पुसून टाकायला सांगून उपयोग झाला नाही. मग त्यांनी ते बदलायला सुरुवात केली, एका वेळी एक तुकडा. आधी त्या उघड्या प्रेताला कपडे घातले. पॅरिसच्या विश्वप्रदर्शनात ज्युस्तीनने एक चिनी सेनापती पाहिला होता, त्याचाच पोशाख या म्हाताऱ्याला चढवला. मग सेनापती उठून ऐटीत चालू लागला. आता तो भयानक दिसेना, विनोदी दिसू लागला. झटके कमी झाले. पण 'कॉलरा' हा शब्द मागे उरला. तो नुसता कानावर आला तरी ती हादरायची. तेव्हा जाने यांनी शब्दाचेही तुकडे केले: को, ले, रा. हे त्या चिनी सेनापतीचं नाव ठरलं. जनरल को-ले-रा!

गोष्ट इथे संपली असती तर सिनेमासारखी झाली असती. पण जाने प्रामाणिक होते. मूळ भीती विरली तरी तिच्या पिलावळीने डोकं वर काढलं, हेही त्यांनी लिहून ठेवलं: प्रेताची, शवपेटीची, दफनभूमीची भीती, खाण्याच्या पदार्थांची भीती. त्यांच्यावर वेगळं काम करावं लागलं. तिच्या मनाला पुन्हा ताकद यावी म्हणून तिला शाळेतल्या मुलांसारखे छोटे छोटे अभ्यास दिले, गणितं दिली. ही हकीकत त्यांनी 1894 साली छापली. आजच्या डॉक्टरांपुढे ज्युस्तीनला बसवलं तर हा ओसीडी की पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर येणारा विकार, यावर त्यांच्यात वाद होईल. जाने यांच्या काळी तिला हिस्टेरिया म्हणत. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्यांनी दोन प्रश्न एकत्र ठेवले: तुझ्यावर काय गुदरलं, आणि आज तुला हे चक्र थांबवायला काय करता येईल.

पण ज्युस्तीनवरून सगळ्यांचा हिशेब मांडता येत नाही. त्याच फ्रान्समध्ये पन्नासेक वर्षं आधी, 1838 साली, एस्किरोल नावाच्या डॉक्टरांनी आपल्या ग्रंथात 'मादमुआझेल एफ' या बाईची हकीकत दिली आहे. ती व्यापारात होती, हिशेब ठेवायची, हुशार आणि आनंदी होती. अठरा वर्षांची असताना एके दिवशी मावशीच्या घरून निघताना तिच्या मनात आलं, आपल्या एप्रनच्या खिशातून चुकून मावशीची एखादी वस्तू आली तर? बस, एवढंच. पुढे हिशेबात गिऱ्हाइकाचं नुकसान झालं असेल ही भीती, पैशाला हात लावताना बोटांना काही चिकटलं असेल ही भीती, मग हात घासणं, पाय झटकणं. चौतिशीपर्यंत दिवसाचे तास त्यात जाऊ लागले. हा माझा वेडेपणा आहे, असं ती स्वतःच म्हणायची. या बाईच्या हकीकतीत अपघात नाही, साथ नाही, प्रेत नाही. नुसता एक दिवस आणि एक एप्रन. ज्युस्तीनबरोबर हिलाही लक्षात ठेवा, मला पुढे तिची गरज लागणार आहे.

आता व्हिएन्ना. फ्रॉइड यांनी 1896 साली जाहीर केलं होतं की मंत्रचळाचं मूळ बालपणीच्या लैंगिक अनुभवांत असतं. पुढच्याच वर्षी त्यांनी मित्राला पत्र लिहून कळवलं की आपला या सिद्धांतावरचा विश्वास उडाला आहे. तिथून त्यांचं लक्ष घडलेल्या घटनेकडून मनातल्या दडलेल्या इच्छांकडे वळलं. 1907 च्या ऑक्टोबरमध्ये त्यांच्याकडे 29 वर्षांचा एक वकील आला. वैद्यकाच्या इतिहासात तो 'रॅट मॅन' या नावाने अमर झाला, बिचारा. लष्करी कवायतीत एका क्रूर कॅप्टनने उंदरांच्या एका छळाचं वर्णन केलं, आणि याच्या मनात घुसलं की हे आपल्या वडिलांना आणि आपल्या प्रेयसीला होणार. वाटेत एक दगड दिसला, प्रेयसीच्या गाडीचं चाक त्यावर आदळेल म्हणून त्याने तो बाजूला केला. मग हा मूर्खपणा वाटला म्हणून परत जाऊन तो होता तिथे ठेवला. चष्म्याच्या पार्सलाचे थोडेसे पैसे कुणाला द्यायचे यावरून त्याने दिवसच्या दिवस घालवले.

फ्रॉइड थक्क झाले ते वेगळ्याच गोष्टीने. ज्या वडिलांना काही होईल म्हणून हा थरथरत होता, ते काही वर्षांपूर्वीच वारले होते.

त्या मृत्यूची कहाणी अशी. वडील आजारी होते. मुलाने डॉक्टरांना विचारलं, धोका कधी टळेल? डॉक्टर म्हणाले, परवा संध्याकाळी. त्या दिवसापर्यंत ते तगतील की नाही, हे मुलाच्या मनात आलंच नाही. रात्री साडेअकराला तो तासभर आडवा झाला. एक वाजता जाग आली तेव्हा ओळखीच्या डॉक्टरने सांगितलं, वडील गेले. तो शेवटच्या क्षणी तिथे नव्हता. सुरुवातीला हा सल फारसा टोचला नाही. दीड वर्षाने घरात आणखी एक मृत्यू झाला, तेव्हा तो सगळा उसळून वर आला. पुढे अभ्यासाच्या दिवसांत तो मध्यरात्रीनंतर दार उघडायचा, जणू वडील बाहेर उभे आहेत.

फ्रॉइड यांनी या सगळ्यातून वडिलांबद्दलचा लपलेला राग शोधून काढला. तो असेलही. पण मी ही हकीकत वाचते तेव्हा त्या साडेअकरा ते एकपाशी अडखळते. श्रोतेहो, परदेशात राहणाऱ्या आपल्या माणसांना हा दीड तास वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पहाटे वाजणारा फोन आपल्याला माहीत आहे. पुण्याहून किंवा सांगलीहून भाऊ सांगतो, "घाई करू नकोस, आता स्थिर आहेत," म्हणून आपण सोमवारचं तिकीट काढतो, आणि शनिवारी ते जातात. 2020 आणि 2021 साली तर कितीजणांनी अंत्यविधी फोनच्या पडद्यावर पाहिले. त्यातल्या बहुतेकांनी रडून, दिवस करून, हळूहळू ते सोसलं. काहीजण मात्र तेव्हापासून रात्री चारदा उठून फोन सायलेंटवर नाही ना ते बघतात, आईला दिवसातून सहा वेळा "बीपीची गोळी घेतलीस ना?" विचारतात, आणि तिने हो म्हटलं तरी मन मानत नाही. याला प्रेम म्हणायचं की काळजी, की आणखी काही, हे घरच्यांना कळत नाही. त्यांनाही कळत नाही.

रॅट मॅन पहिल्या महायुद्धात मारला गेला. त्या युद्धाने आणि नंतरच्या व्हिएतनामने आघाताचा विषय पुन्हा वैद्यकाच्या दारात आणून उभा केला. 1980 साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या सूचीत पीटीएसडी हे नाव पहिल्यांदा आलं. ओसीडी त्याच प्रकरणात होता, दोघेही चिंताविकार. म्हणजे कागदावर ते एका घरात नांदत होते. उपचारांत मात्र एव्हाना त्यांची तोंडं दोन दिशांना झाली होती.

तो बदल आपल्या लंडनमध्येच झाला. ऑक्सफर्ड स्ट्रीटच्या मागच्या अंगाला मॉर्टिमर स्ट्रीटवर पूर्वी मिडलसेक्स हॉस्पिटल होतं. आता इमारत पाडली आहे, तिथलं छोटं चर्च मात्र उरलंय. या इस्पितळातले मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी 1966 साली एक निबंध छापला. दोन रुग्ण होते, त्यांतली एक शिक्षिका, धुण्या-पुसण्याच्या चक्रात पार अडकलेली. आधीचे उपचार होऊन गेले होते. मेयर यांनी तिला ज्या वस्तूंची किळस वाटते त्यांना हात लावायला लावला, आणि नंतर धुऊ दिलं नाही. पाण्याचा नळच बंद ठेवला, नर्स दिवसभर सोबत. भीती चढली, शिखराला पोचली, आणि न धुताही आपोआप उतरली. पुन्हा पुन्हा तसं झालं, तेव्हा मनाला पटलं की हात न धुताही काही बिघडत नाही. आज जगभर ओसीडीवर जो मुख्य मानसोपचार देतात, तो इथून निघाला. त्याने लाखो माणसं संसारात परत आली आहेत. मी त्याच्याविरुद्ध एक अक्षर बोलणार नाही.

पण लंबक तिकडे गेला तो गेलाच. काय झालं होतं ते विचारण्याची गरज नाही, काय करता ते सांगा, असं वळण पडलं. 1980 च्या दशकात मेंदूची छायाचित्रं आली. 1989 साली अमेरिकेत क्लोमिप्रामिन या औषधाला ओसीडीसाठी मंजुरी मिळाली. त्याच सुमाराच्या पाहण्यांतून हा आजार शंभरात दोन-तीन जणांना आयुष्यात कधीतरी होतो, हेही पुढे आलं. आधी तो दुर्मीळ समजत. मग हा मेंदूचा आजार ठरला. त्यात एक मोठी सुटका होती: आईबापांवरचा ठपका गेला. मुलाला शौचाच्या सवयी लावताना आईने कडकपणा केला म्हणून हे झालं, असलं ऐकून कितीतरी आया जन्मभर कुढल्या होत्या. पण ज्याच्या मंत्रचळामागे खरोखरच एखादी रात्र होती, त्याला ती रात्र सांगायला जागा उरली नाही.

ती जागा पुन्हा मोकळी केली तीही लंडनने. कॅम्बरवेलच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायकायट्रीमध्ये पद्मल डी सिल्वा नावाचे श्रीलंकेचे मानसशास्त्रज्ञ होते. बौद्ध विचारांतल्या मानसशास्त्राचाही त्यांचा अभ्यास होता. 1978 साली त्यांनी आणि स्टॅन्ली रॅकमन यांनी दाखवलं की ओसीडी नसलेल्या साध्या माणसांच्या मनातही तेच विचित्र, घाणेरडे, हिंसक विचार येतात. फरक विचारात नसतो. आपण त्याला "काय हा वेडेपणा" म्हणून सोडतो, मंत्रचळाचा माणूस त्याला पुरावा मानतो. मग 1999 साली डी सिल्वा आणि मेलनी मार्क्स यांनी आघातानंतर ओसीडी सुरू झालेल्या रुग्णांच्या हकीकती मांडल्या आणि आघात व ओसीडी यांच्या नात्याचा प्रश्न पुन्हा चर्चेत आणला.

कॅनडात रॅकमन आणि निकोल फेअरब्रदर यांनी 2004 साली लैंगिक अत्याचार सोसलेल्या 50 स्त्रियांशी बोलून अभ्यास केला. अंगावर डाग नाही, तरी आतून मळल्यासारखं वाटतं, आणि ती घटना नुसती आठवली तरी धुवावंसं वाटतं, असं त्यांतल्या अनेकींनी सांगितलं. रॅकमन याला मनाचा विटाळ म्हणायचे. निदान मी तरी त्यांच्या शब्दाचं मराठी असंच करेन. साबण तिथे पोचत नाही, म्हणून धुणं संपत नाही. आपल्या घरांत विटाळ हा शब्द फार स्वस्तात वापरला गेलाय. बाईला महिन्याचे चार दिवस बाजूला बसवण्यापासून ते माणसाच्या सावलीपर्यंत. आजीचं सोवळं हा आजार नव्हता, तो रिवाज होता. त्याला सुरुवात होती, शेवट होता, आणि सोवळं सुटलं की आजी निवांत पान खात बसायची. मंत्रचळाला शेवट नसतो. पण सोवळ्याच्या घरात मंत्रचळ वर्षानुवर्षं लपून राहू शकतो, आणि त्यामागचा घाव तर त्याहून खोल. मुलगी तास तास न्हाणीघरात आहे, हे स्वच्छतेचं कौतुक म्हणून सांगितलं जातं.

बॉस्टनमधल्या डॉक्टरांनी 2002 आणि 2003 साली जे मांडलं ते मला सगळ्यांत चटका लावून गेलं. ओसीडीच्या काही रुग्णांना नेहमीच्या उपचाराने गुण येत नव्हता. त्यांत ज्यांना पीटीएसडीही होता, त्यांचं अडत होतं. धुणं, तपासणं कमी केलं, की जुन्या घटनेची दृश्यं आणि स्वप्नं वाढायची. ती शमवायला गेलं, की धुणं परत वाढायचं. म्हणजे काहींच्या बाबतीत मंत्रचळ हा दाराला लावलेला टेकू होता. नुसता टेकू ओढून काढला तर दार उघडणारच. अशा वेळी दोन्हींवर मिळून काम करावं लागतं. नको असलेली आठवण मनात पुन्हा उभी करून तिचा शेवट बदलायचा, अशी एक पद्धत आज मानसोपचारात वापरतात. जनरल को-ले-रा ओळखीचे वाटले ना?

आता एप्रनवाल्या बाईकडे येते. 2007 साली अमेरिकेत ओसीडीच्या 265 रुग्णांची पाहणी झाली. त्यांतल्या 54 टक्क्यांनी आयुष्यात किमान एक मोठा आघात झाल्याचं सांगितलं. आकडा ऐकून वाटतं, झालं सिद्ध. थांबा. त्याच देशात 1995 साली सर्वसाधारण लोकांची मोठी पाहणी झाली होती, त्यात निम्म्याहून अधिक स्त्रिया आणि साठ टक्क्यांच्या आसपास पुरुष असा आघात सोसलेले निघाले. प्रश्न आणि मोजण्याची रीत दोन्हीकडे वेगळी, त्यामुळे आकडे शेजारी ठेवताना जपून. पण एवढं नक्की, की आघात झाला म्हणून मंत्रचळ होतोच असं नाही, आणि मंत्रचळ आहे म्हणजे पूर्वी काहीतरी भयंकर झालंच असेल, असंही नाही. कॉलऱ्याची प्रेतं त्या काळात हजारोंनी पाहिली, सगळ्यांची ज्युस्तीन झाली नाही. मुलाला मंत्रचळ आहे म्हणून त्याच्या भूतकाळात गुन्हेगार शोधत बसू नका. काही नसतं तिथे खोदलं की नवीनच जखम होते. आनुवंशिकतेचा वाटा असतो, मेंदूच्या घडणीचा असतो. तयार जमिनीवर घटना बी टाकते, आणि कधीकधी बी कुठून आलं ते कळतच नाही.

आघात त्या जमिनीत नेमकं काय करतो? एक गोष्ट बऱ्याच ठिकाणी दिसते: जबाबदारीची भावना फुगते. मी झोपलो नसतो तर. मी तेव्हा फोन उचलला असता तर. ज्या घटनेवर आपला काडीचा ताबा नव्हता, तिची चूक स्वतःकडे घेतली की निदान पुढच्या वेळी टाळता येईल अशी आशा तरी राहते. मग टाळण्याचं काम सुरू होतं आणि ते कधीच संपत नाही. इथे गॅसचं बटण परत येतं. 2003 साली हॉलंडमध्ये एक प्रयोग झाला, संगणकावरच्या गॅसच्या शेगडीवर. निरोगी माणसांना ती पुन्हा पुन्हा तपासायला लावली. त्यांची आठवण चुकली नाही, पण आठवणीवरचा विश्वास उडाला. चित्र अंधूक वाटू लागलं. तपासण्याने खात्री वाढत नाही, कमी होते. म्हणूनच घरच्यांनी दहाव्यांदा "हो गं, केलाय बंद" म्हणणं ही माया असली, तरी मदत नसते. ते म्हणणं एकदम तोडू नका, उपचार करणाऱ्याच्या सल्ल्याने हळूहळू कमी करा.

2013 साली अमेरिकन सूचीची नवी आवृत्ती आली. तिने ओसीडी आणि पीटीएसडी, दोघांनाही चिंताविकारांच्या घरातून बाहेर काढून वेगवेगळी प्रकरणं दिली. शास्त्राच्या दृष्टीने त्याला कारणं आहेत. पण दवाखान्यात दोन प्रकरणांचा माणूस एकच असतो. त्याला एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर पाठवलं जाण्याची शक्यता आहे, हे ध्यानात ठेवून जा.

जायचं कुठे, ते सांगून थांबते. इंग्लंडमध्ये प्रौढांना एनएचएस टॉकिंग थेरपीजकडे जीपीच्या चिठ्ठीशिवाय स्वतःचं नाव नोंदवता येतं. मुलांसाठी जीपी किंवा शाळा. पहिल्या भेटीत दोन गोष्टी सांगा: रोज काय काय करावं लागतं आणि त्यात किती वेळ जातो, ही एक; आणि सुरुवात एखाद्या घटनेनंतर झाली असेल, तर ती घटना, ही दुसरी. घटनेचा तपशील पहिल्याच दिवशी उघडायची गरज नाही, "त्यानंतर सुरू झालं" एवढं पुरतं. घटना नसेल तर नाही म्हणा. आणि आई-बाबांना इंग्रजीत मनातलं सांगता येत नसेल तर दुभाषा मागा, त्याचे पैसे पडत नाहीत. मागताना नुसतं इंडियन भाषा म्हणू नका, मराठी म्हणून सांगा. नाहीतर हिंदीचा दुभाषा येतो, आणि बाबा त्याच्यापुढे सगळं उत्तम आहे म्हणून परत येतात.